दिवाळीला नवं काम, होळीला फटी: आक्रसलेल्या लाकडी पट्ट्यांची दुरुस्ती

गणपती आटोपले की घरोघरी कामं निघतात. दिवाळीच्या आत रंग, फर्निचर, दारांच्या चौकटी, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी) सगळं उरकायचं असतं आणि सुतार ते उरकूनही देतो. मग थंडी सरते, होळीच्या सुमारास ऊन तापायला लागतं, आणि एक दिवस लक्षात येतं की चौकटीभोवतीची पट्टी भिंतीपासून सुटली आहे, कोपऱ्यातला जोड उघडला आहे, कपाटाच्या बीडिंगशेजारी (कडेच्या बारीक पट्टीशेजारी) काळी रेघ उमटली आहे. पहिला विचार असा येतो की सुताराने फसवलं. दुसरा असा की रंगाऱ्याला बोलावून लांबी (फट बुजवायचा मसाला) भरून घ्यावी. पहिल्यात बहुतेक वेळा तथ्य नसतं. दुसरं केलं तर वर्षभरात तीच फट लांबीच्या सुटलेल्या तुकड्यांसकट पुन्हा समोर येते.

माझा आग्रह एवढाच आहे: फट हलती आहे की थांबलेली, हे आधी ठरवा. हलत्या फटीत मऊ माल जातो, थांबलेल्या फटीत कडक. काही फटी मात्र भरायच्याच नसतात.

लाकूड का आक्रसतं

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि हे कापल्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहतं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातली ओल हळूहळू १७-१८ टक्क्यांकडे जाते. आर्द्रता ३५ टक्क्यांवर आली की तेच लाकूड ७ टक्क्यांपर्यंत सुकू शकतं. या जाण्यायेण्यात ते रुंदीत बदलतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून उभी पट्टी वरून खाली आखूड होत नाही, पण अरुंद होते आणि भिंतीपासून सुटते.

सागवान मुळात शांत लाकूड आहे. तरी ७५ मि.मी. रुंदीच्या सागवानी पट्टीतली ओल १४ टक्क्यांवरून ८ वर आली, तर ती साधारण पाऊण ते एक मिलिमीटर अरुंद होते. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मि.मी. असते, म्हणजे जवळजवळ एक कार्ड आत जाईल एवढी फट. स्टीम बीचच्या (वाफवलेल्या बीच लाकडाच्या) तयार मोल्डिंग पट्ट्या दिसायला सरळ आणि गुळगुळीत असतात, म्हणून हल्ली सर्रास वापरल्या जातात. पण बीच सागवानाच्या जवळपास दुप्पट आक्रसतं. एकाच घरात सागवानी चौकट धड राहिली आणि बीचची पट्टी सुटली, तर त्यात आश्चर्य काही नाही.

नूतनीकरण झालेल्या घरात आणखी एक गोष्ट घडते. नवीन गिलावा, फरशीखालचा माल, भिंतीची पुट्टी यांतून आठवडेच्या आठवडे पाणी हवेत जात असतं, आणि बाहेर पावसाळाही असतो. अशा हवेत बसवलेली पट्टी फुगलेल्या अवस्थेत बसते. पहिल्या कोरड्या हंगामात ती एकदाच मोठ्या प्रमाणात आक्रसते. त्यानंतर दरवर्षी थोडी पुढेमागे होत राहते. पहिल्या वर्षीच्या फटीला घाईने हात लावू नका म्हणतात, ते याचसाठी.

आधी नीट बघून घ्या

टॉर्च तिरपा धरून फटीत पाहा. आत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. पट्टीखाली पिठासारखी भुकटी पडत असेल आणि लाकडावर टाचणीएवढी भोकं असतील तर भुंगा लागला आहे. पट्टीमागची भिंत हाताला गार आणि ओलसर लागत असेल तर गळती शोधा. या तिन्ही बाबतींत फट भरणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी त्यांचा बंदोबस्त करा.

नंतर पट्टी अंगठ्याने दाबा. दाबली की भिंतीला टेकते आणि सोडली की परत येते, तर खिळे सैल आहेत. अशी पट्टी आधी घट्ट करायची. मधे बोटाने टकटक करत जा. पोकळ आवाज येईल तिथे मागे आधार नाही, तिथे बिनडोक्याचा बारीक खिळा किंवा स्क्रू लागेल.

मग माप. फटीच्या बाजूला मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा आणि त्यावर तारीख आणि किती जाडीचं कार्ड आत गेलं ते लिहा. एटीएम कार्ड एक, दोन, तीन असं मोजलं तरी पुरतं. घरातल्या चार-पाच जागी असं करा आणि दर महिन्याला पाहा. दोन महिने आकडा बदलला नाही, तर फट तिच्या सर्वाधिक रुंदीपर्यंत पोहोचली असं समजायला हरकत नाही.

कोरडा काळ सगळीकडे एकच नसतो. मुंबई आणि कोकणात तो साधारण डिसेंबर ते मार्च. मे महिन्यात तिथली हवा पुन्हा दमट होते. पुण्यात मार्च-एप्रिल सगळ्यात कोरडे. विदर्भात एप्रिल-मे, पण तिथे वाळ्याचे कूलर लागतात आणि कूलरच्या खोलीतलं लाकूड भर उन्हाळ्यात फुगतं. त्यामुळे नागपूर-अकोल्याकडे काम कूलर सुरू करण्याआधी, मार्चच्या सुरुवातीला करावं. एसीच्या बंद खोलीत उलटा प्रकार: एसी हवेतली ओल काढून घेतो, म्हणून तिथल्या पट्ट्या हॉलमधल्या पट्ट्यांपेक्षा जास्त सुटलेल्या दिसतात.

पट्टी आणि भिंत यांच्यातली फट

ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त चुकीची भरली जाणारी फट. एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला गिलावा. दोघे कधीच एकसारखे हलत नाहीत. इथे पुट्टी, लांबी, पीओपी, भुसा-फेविकॉल यांतलं काहीच टिकत नाही. इथे रंग बसणारं ॲक्रिलिक सीलंट, म्हणजे नळीतून भरायचा आणि वाळल्यावरही ताणला जाणारा मऊ माल, लागतो. दुकानात नुसतं ‘सीलंट द्या’ म्हटलं तर बऱ्याचदा सिलिकॉन हातात पडतं. सिलिकॉन बाथरूमसाठी उत्तम, पण त्यावर रंग धरत नाही, आणि एकदा लावलं की त्याचा अंश पूर्ण निघणं महाकठीण. नळीवर ‘पेंटेबल’ लिहिलंय का ते वाचूनच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट या कामाचं नाही.

माहितीपत्रकात सीलंट किती टक्के हालचाल सोसतं ते दिलेलं असतं. २५ टक्क्यांचं मिळालं तर तेच घ्या. त्याचा अर्थ असा की ३ मि.मी. रुंद फटीत ते पाऊण मिलिमीटर ताणलं किंवा दाबलं गेलं तरी फाटत नाही. हाच हिशेब केसाएवढ्या फटीला लावून पाहा: अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेत भरलेलं सीलंट पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीने तुटणारच. म्हणून भिंतीकडची अगदी बारीक फट आधी थोडी रुंद करावी लागते. रुंद करायची ती गिलाव्याच्या बाजूने, लाकडाच्या नाही.

कामाचा क्रम असा.

पहिल्यांदा जुनी सुटलेली लांबी आणि रंगाचे पापुद्रे खरवडून काढा. पातळ पत्री किंवा कटरचं पातं उपयोगी पडतं. फट ३ मि.मी. होईपर्यंत गिलाव्याची कड हलक्या हाताने कोरा. नंतर कोरड्या ब्रशने धूळ काढा, शक्य असेल तर व्हॅक्यूमने ओढून घ्या. नूतनीकरणानंतर फटीत पॉलिश पेपरची आणि पुट्टीची भुकटी ठासून बसलेली असते. सीलंट त्या भुकटीला चिकटतं, भिंतीला नाही, आणि मग पट्टीसारखं सोलून निघतं. उघडं पडलेलं लाकूड आणि गिलावा दोन्हींवर प्रायमरचा एक पातळ हात मारा आणि वाळू द्या.

फट ६ मि.मी.पेक्षा रुंद असेल तर आत फोमची गोल दोरी दाबून बसवा. बांधकाम-रसायनांच्या दुकानात बॅकर रॉड म्हणून मिळते. फटीपेक्षा थोडी जाड घ्या, म्हणजे घट्ट बसेल. तिचा उपयोग माल वाचवण्यापुरता नाही. सीलंट दोन्ही बाजूंना चिकटून मधे मोकळं राहिलं तर ताणलं जातं. मागच्या तळालाही चिकटलं तर तीन बाजूंनी बांधलं जातं आणि मधेच फाटतं. दोरीला ते चिकटत नाही, म्हणून मधला भाग मोकळा राहतो. रुंद फटीत सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवली की पुरे.

आता फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. रंगाऱ्यांना याचा कंटाळा असतो, पण खडबडीत भिंतीवर सरळ रेघ टेपशिवाय येत नाही. नळीचं टोक ४५ अंशात, फटीपेक्षा किंचित बारीक कापा. गन तिरपी धरून एका वेगाने ओढत न्या. थांबून थांबून नेलं की गाठी येतात. साधारण एक मीटर भरलं की लगेच पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच, सलग, हलका दाब देत फिरवा. पृष्ठभाग किंचित आत गेलेला, खोलगट राहू द्या. काठोकाठ भरू नका: पावसाळ्यात पट्टी फुगून सीलंट दाबेल तेव्हा ते बाहेर यायला तेवढी जागा लागते. टेप सीलंट ओलं असतानाच, फटीपासून दूर तिरपी ओढत काढा.

फट कोरड्या हंगामाच्या शेवटाकडे, सर्वाधिक रुंद असताना भरली की पुढे सीलंट दाबलंच जातं, ताणलं जात नाही. या एका वेळेच्या निवडीने काम कितीतरी वर्षं जास्त टिकतं.

ॲक्रिलिक सीलंट पाण्यावरचं असतं, वाळताना थोडं बसतं. खोल फटीत दुसऱ्या दिवशी दुसरा पातळ हात लागू शकतो. रंग किमान २४ तासांनी, आणि दमट हवेत दोन दिवसांनी. त्यावर ताणणारा ॲक्रिलिक इमल्शन चांगला. ऑइल पेंटचा कडक थर सीलंटच्या हालचालीने तडकतो, म्हणून पट्टीला ऑइल पेंट असेल तर सीलंटवर भिंतीचा रंग आणा आणि पट्टीच्या कडेला थांबा.

माल किती आणायचा? २८० मि.ली.ची नळी ३ मि.मी. रुंद आणि ५ मि.मी. खोल फटीत सुमारे साडेअठरा मीटर जाते. एका दाराच्या पट्टीची बाहेरची कड दोन उभ्या आणि एक आडवी मिळून सव्वापाच मीटरच्या आसपास. वाया जाणारं धरून एका नळीत तीन दारांची एक बाजू होते.

कोपऱ्यातला तिरका जोड

४५ अंशात कापून जोडलेल्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं तर लाकडाचं काय झालंय ते जोडच सांगतो. फट आतल्या टोकाला रुंद आणि बाहेरच्या टोकाला मिटलेली असेल, तर पट्टी आक्रसली आहे. उलट, बाहेरचं टोक उघडं आणि आतलं टेकलेलं असेल, तर पट्टी फुगली आहे किंवा मुळात कापच चुकला आहे. कारण सोपं आहे: पट्टी रुंदीत कमी होते, लांबीत होत नाही, म्हणून ४५ अंशांचा काप सुकल्यावर ४५ चा राहत नाही, थोडा कमी होतो. कोरड्या हंगामात बाहेरून उघडलेला जोड दिसला तर सुताराला तो दाखवायला हरकत नाही. आतून उघडलेल्या जोडासाठी त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, फार तर ओल्या लाकडाबद्दल विचारता येईल.

रंगवलेल्या पट्टीत अशी फट एक मिलिमीटरपर्यंत असेल तर वरच्यासारखंच ॲक्रिलिक सीलंट भरून, टोकाच्या पात्याने साफ करून रंगवा. पट्टी मुळात सैल असेल तर आधी सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने जोडात लाकडाचा गोंद सोडा, मास्किंग टेपने दोन्ही तुकडे जवळ ओढून बांधा, एक बारीक खिळा वरून आणि एक बाजूने मारा, आणि रात्रभर तसंच ठेवा.

पॉलिश केलेल्या सागवानाच्या जोडात मात्र लाकडानेच भरणं सर्वात चांगलं. फट पाचरीच्या आकाराची आहे, तर पाचरच घालायची. त्याच जातीच्या आणि त्याच रंगाच्या तुकड्यातून पटाशीने पातळ चिपाटी काढा, ती एका बाजूला निमुळती करा, तिच्या रेषा जोडाच्या रेघेला समांतर राहतील अशी धरा. गोंद अगदी थोडा लावून हलकेच दाबा. ठोकून घुसवू नका, नाहीतर बाहेरचं मिटलेलं टोक उघडेल. गोंद वाळल्यावर धारदार पटाशी सपाट धरून वरचं लाकूड तासा, मग १८० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा. असं काम केलेला जोड हातभर अंतरावरूनही शोधावा लागतो. पावसाळ्यात जोड पुन्हा मिटू पाहील आणि पाचर थोडी दाबली जाईल, म्हणून ती पूर्ण रुंदीची नको, फटीपेक्षा किंचित सैल बसणारीच हवी.

भरू नये अशा फटी

पॅनेलच्या दारात मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते. तिने फुगावं आणि आक्रसावं यासाठीच ती रचना असते. कोरड्या दिवसांत फळीच्या कडेला न रंगवलेल्या लाकडाची पांढुरकी रेघ दिसते. ती फट नाही. तिथे फेविकॉल किंवा लांबी भरली, तर फळी बांधली जाते आणि पुढच्या हंगामात मधोमध चिरते. उघडी पडलेली रेघ त्याच रंगाने किंवा पॉलिशने बारीक ब्रशने रंगवा. ते काम कोरड्या दिवसांतच होतं, कारण पावसाळ्यात ती रेघ पुन्हा खाचेत जाते.

दाराचं पान आणि चौकट यांच्यातलं अंतरही असंच. जुलैत दार अडकलं म्हणून रंधा मारून घेतला की जानेवारीत त्याच दारातून उजेड दिसतो. आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा, नंतर जिथे घासल्याची चमक दिसते तेवढंच कागदाएवढं लाकूड काढा, आणि उघडी झालेली कड लगेच सील करा.

पॉलिशच्या लाकडातल्या बारीक रेघा

भुसा आणि फेविकॉल कालवून भरण्याची पद्धत रंगवलेल्या लाकडात चालते. पॉलिशखाली नको: गोंद लाकडाला छटा देणारं स्टेन किंवा रंग शोषत नाही, त्यामुळे पॉलिश चढल्यावर तो भाग फिक्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. जवसाच्या तेलात कालवलेली खडूची लांबीही तेवढीच वाईट दिसते, आणि वाळून कडक झाली की हलत्या फटीतून सुटते.

पूर्ण पॉलिश झालेल्या फर्निचरवरच्या केसाएवढ्या रेघांना मेणकांडी उत्तम. लाकडाच्या छटेच्या दोन कांड्या घ्या, एक थोडी गडद. हाताच्या उबेने मऊ करून रेघेत दाबा, जुन्या प्लास्टिक कार्डाने वरचं खरवडा, मऊ कापडाने चोळा. मेण मऊच राहतं, म्हणून हालचाल सोसतं. मात्र मेणावर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा थर धरत नाही. मेण शेवटच्या हातानंतरच. गडद छटेची कांडी निवडा. लाकडात नैसर्गिक रेघा गडदच असतात, म्हणून डोळ्याला तीच खरी वाटते.

स्कर्टिंग आणि सैल चौकट

लाकडी स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फरशीला चिकटवायचं नाही. फरशीकडची फट एकदोन मिलिमीटर असेल तर राहू द्या. जास्त दिसत असेल तर पाव इंची गोल पट्टी स्कर्टिंगला मारून ती झाकता येते. एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं) स्कर्टिंग असेल तर त्याची खालची कापलेली कड तपासा. फरशी पुसताना पाणी तिथून आत शिरतं आणि एमडीएफ फुगतं, आणि एकदा फुगलेलं एमडीएफ मूळ मापावर येत नाही. तो तुकडा बदला आणि नव्या तुकड्याच्या कापलेल्या कडांना बसवण्याआधी प्रायमरचे दोन हात द्या.

चौकट आणि गिलावा यांच्यातली तडा दार आपटल्यावर वाढत असेल तर प्रश्न सीलंटचा नाही. चौकट हाताने हलवून पाहा. हलली तर भिंतीतला होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) सुटला आहे. चौकटीमागे लाकडी पाचरी बसवून, चौकटीतून भिंतीत लांब फास्टनर घालून ती आवळा, ओळंब्याने उभी रेघ पाहून घ्या, आणि त्यानंतरच तडा कोरून भरा. मागची पोकळी पीयू फोमने भरायची असेल तर चौकटीच्या मधे आडव्या पट्ट्यांचा आधार द्या. फोम फुगताना चौकट आत वाकवतो आणि दार लागेनासं होतं.

पुढच्या कामाच्या वेळी

लाकडात किती ओल चालेल हे भारतीय मानक आयएस २८७ सांगतं, आणि त्यासाठी हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग पाडतं. सुताराशी बोलताना मानकाचा आकडा काढायची गरज नाही. ओल मोजायचं यंत्र असलेल्या वखारीतून माल घ्या. यंत्र नसेल तर एक तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. पट्ट्या ज्या खोलीत बसणार आहेत तिथे, मधे बारीक चिपा घालून, हवा खेळेल अशा रचा. चार-चार दिवसांनी त्या तुकड्याचं वजन घ्या. वजन घटायचं थांबलं की माल खोलीशी जुळला. मोठा कालावधी मिळणार नसेल तर भिंतींचं ओलं काम संपल्यापासून पट्ट्या बसवेपर्यंत निदान दोन आठवडे तरी मधे ठेवा.

बसवण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना सीलर किंवा प्रायमर लावून घ्या. दर्शनी बाजूला चार हात आणि मागे शून्य असं असेल तर मागून ओल जात-येत राहते आणि पट्टी वाकते. दारांच्या वरच्या आणि खालच्या कडा तर बहुतेक घरांत कोऱ्याच असतात. वरच्या कडेवरून बोट फिरवा आणि खालच्या कडेखाली छोटा आरसा धरून पाहा. कोरं लाकूड दिसलं तर दार उतरवून, मृगाच्या आधी, दोन्ही कडांना सीलरचे दोन हात द्या.